कोणाला कोणती प्रत: वापरकर्त्यांच्या गटांनुसार वेब कॅशिंग

एकदा तयार झालेले वेबपान जपून ठेवायचे आणि पुढच्या माणसाने तेच मागितले की पुन्हा सगळा खटाटोप न करता त्याच्या हाती द्यायचे, एवढाच कॅशिंगचा अर्थ. पान सर्वांसाठी सारखे असेल तोवर यात अवघड काही नाही. मागणारा बदलला की पानही बदलते, तिथे अडचण सुरू होते. एखाद्या दैनिकाच्या संकेतस्थळावरचा एक लेख डोळ्यांसमोर आणावा. पत्ता एकच. लॉगिन न केलेल्या वाचकाला त्याचे पहिले दोन परिच्छेद आणि खाली वर्गणीचे आवाहन दिसते. वर्गणीदाराला पूर्ण लेख दिसतो, जाहिराती दिसत नाहीत. उपसंपादकाला लेखाच्या डोक्यावर ‘संपादन’ हे बटण दिसते आणि शेजारच्या यादीत अजून प्रसिद्ध न झालेल्या बातम्याही दिसतात. जपून ठेवलेली प्रत यांपैकी कोणाची आणि ती कोणाला द्यायची, हा या विषयाचा गाभा आहे.

यावर दोन सोपी उत्तरे आहेत आणि दोन्ही तोट्याची आहेत. पहिले उत्तर असे, की लॉगिन केलेल्या कोणासाठीही काहीच जपायचे नाही. मग जो वर्गणी भरतो त्याचेच पान सर्वांत हळू उघडते आणि फुकट्या वाचकाचे झटकन. हा व्यवहार उफराटा आहे. दुसरे उत्तर म्हणजे प्रत्येक माणसाची वेगळी प्रत. ती करायला जागा लागते, आणि तो माणूस तो लेख बहुधा एकदाच उघडतो, त्यामुळे जपलेली प्रत पुन्हा कोणाच्याच कामी येत नाही. चांगले उत्तर या दोहोंच्या मध्ये आहे. ते शोधताना मागणारा कोण, हा प्रश्न बाजूला ठेवावा लागतो आणि पान नेमके कशामुळे बदलते, हे विचारावे लागते. वर्गणीदार हजारो असले तरी वर्गणी भरली आहे की नाही, याची उत्तरे दोनच.

कॅश म्हणजे किल्ली आणि तिच्यामागची प्रत अशा जोड्यांचे कपाट. एचटीटीपीच्या कॅशमध्ये मुळात ही किल्ली विनंतीची पद्धत आणि पत्ता एवढ्यावर बनते. मागणाऱ्याची ओळख तिच्यात नसते. इकडे ॲप्लिकेशन मात्र कुकी पाहून, माणूस ओळखून उत्तर तयार करत असते. कॅशला त्या निर्णयाची खबर नसेल, तर ती पहिल्या आलेल्याचे पान पुढच्या सगळ्यांना वाटत सुटते. म्हणून नियम असा: उत्तर ज्या ज्या गोष्टींवर ठरले त्या सगळ्या किल्लीत असल्या पाहिजेत आणि त्यांखेरीज एकही नको. एक सुटली तर एकाचे पान दुसऱ्याला जाते. एक जास्त झाली तर कपाट प्रतींनी भरते आणि त्या धूळ खात पडतात.

या दोन चुकांचे वजन सारखे नाही. जास्तीची गोष्ट किल्लीत शिरली तर संकेतस्थळ मंद होते, सर्व्हरवरचा भार वाढतो आणि कोणीतरी तक्रार करतेच. सुटलेली गोष्ट मात्र कोणालाच दिसत नाही. उलट कॅशचे आकडे छान दिसतात, पाने वेगाने उघडतात, आणि चूक कळते ती परक्या माणसाचे नाव पडद्यावर आल्यावर. त्यामुळे शंका असेल तिथे जास्तीच्या बाजूने चुकावे.

एचटीटीपीच्या नियमांत या प्रश्नाची जाणीव जुनी आहे. जानेवारी 1997 मध्ये आलेल्या आरएफसी 2068 या दस्तऐवजात ‘कॅश-कंट्रोल’ आणि ‘व्हेरी’ हे दोन्ही हेडर आहेत. आज लागू असलेले कॅशिंगचे नियम जून 2022 च्या आरएफसी 9111 मध्ये आहेत. ‘कॅश-कंट्रोल’मध्ये ‘प्रायव्हेट’ लिहिले की ते उत्तर त्या एका माणसाच्या ब्राउझरने ठेवावे, वाटेतल्या सामायिक कॅशने ठेवू नये. ‘नो-स्टोअर’ लिहिले की कोणीच ठेवू नये. विनंतीत ‘ऑथरायझेशन’ हेडर असेल, तर सर्व्हरने स्पष्ट मुभा दिल्याशिवाय सामायिक कॅशने उत्तर साठवायचे नाही, असाही नियम आहे. पण आजचे बहुतेक लॉगिन कुकीवर चालते आणि कुकीला हे आपोआपचे संरक्षण नाही. अनेक गफलतींचे मूळ इथे आहे.

‘व्हेरी’चे काम अधिक नाजूक. विनंतीतल्या कोणत्या हेडरमुळे हे उत्तर बदलू शकते, ते सर्व्हर त्यात सांगतो आणि कॅश त्या हेडरचे मूल्य किल्लीत जोडते. कागदावर हे अगदी हवे तसे आहे. व्यवहारात मूल्ये फार विस्कळीत असतात. भाषेचेच पाहू. एका ब्राउझरकडून ‘मराठी, मग हिंदी, मग इंग्रजी’ अशी पसंती येते, दुसऱ्याकडून ‘मराठी, मग इंग्रजी’. दोघांना तेच मराठी पान जायचे असते, पण अक्षरे जुळत नाहीत म्हणून कॅश दोन प्रती ठेवते. उपाय म्हणजे दारातल्या प्रॉक्सीनेच, म्हणजे ॲप्लिकेशनच्या पुढे उभ्या असलेल्या मध्यस्थ सर्व्हरने, ती पसंती वाचून ‘मराठी’ किंवा ‘इंग्रजी’ असा एकच शब्द पुढे द्यायचा. कुकीच्या बाबतीत हा विस्कळीतपणा टोकाला जातो. कुकीच्या हेडरमध्ये लॉगिनचे टोकन असते, शिवाय वाचकांची मोजदाद करणाऱ्या साधनांची प्रत्येक ब्राउझरमागे वेगळी खूणही असते. ‘व्हेरी: कुकी’ लिहिताच जगात कोणत्याही दोघांच्या किल्ल्या जुळेनाशा होतात. नियमाने ते बरोबर असते, पण कॅश असून नसल्यासारखी होते.

वार्निश हे प्रॉक्सी-कॅशचे सॉफ्टवेअर 2006 मध्ये नॉर्वेतल्या ‘व्हेर्डेन्स गांग’ या दैनिकाच्या संकेतस्थळासाठी घडवले गेले. पॉल-हेनिंग काम्प हा डॅनिश प्रोग्रामर त्याचा मुख्य शिल्पकार. वार्निशचा मूळ पवित्रा सावध आहे. विनंतीत कुकी असेल तर कॅशकडे न पाहता ती थेट ॲप्लिकेशनकडे जाते, आणि उत्तरात नवी कुकी बसवली जात असेल तर ते साठवले जात नाही. वर्तमानपत्राचा बहुतेक वाचक अनोळखी असतो, तेव्हा एवढ्याने निभावते. कुकींमधून मोजदादीच्या खुणा गाळून टाकल्या की आणखी सुधारते. गटांचा प्रश्न मात्र यातून सुटत नाही, पुढे ढकलला जातो.

विकिपीडियाने तो कसा हाताळला हे पाहण्यासारखे आहे. 2003 पासून चालू असलेल्या मराठी विकिपीडियासह सगळ्या भाषांतले विकिपीडिया मीडियाविकी या एकाच सॉफ्टवेअरवर चालतात. लॉगिन न करता वाचणाऱ्याला तयार पान दारातल्या कॅशमधूनच मिळते. लॉगिन केलेल्या सदस्याची विनंती आतल्या सर्व्हरपर्यंत जाते, कारण त्याच्या पानावर त्याचे नाव, सूचना आणि ध्यानसूची असते. तरीही लेख पुन्हा पहिल्यापासून तयार होत नाही. साचे, तळटीपा आणि तक्ते उलगडून विकिमजकुराचे एचटीएमएल करणे हे सर्वांत खर्चिक काम असते, आणि त्याचे फळ ‘पार्सर कॅश’मध्ये वेगळे ठेवलेले असते. सदस्याच्या पानाची चौकट तेवढी नव्याने बांधली जाते आणि लेखाचा मजकूर कॅशमधून उचलून तिच्यात बसवला जातो.

सदस्यांच्या पसंतीमुळे हा मजकूरही कधी कधी बदलतो. एकाला लघुचित्रे मोठी हवी असतात, दुसऱ्याला संकेतस्थळाची बटणे दुसऱ्या भाषेत हवी असतात आणि एखादा साचा त्या भाषेकडे पाहून आपला मजकूर बदलतो. सगळ्या पसंती सगळ्या लेखांच्या किल्लीत घातल्या असत्या तर प्रती बेसुमार वाढल्या असत्या. मीडियाविकी तसे करत नाही. लेख तयार होत असताना कोणकोणत्या पसंती प्रत्यक्ष विचारल्या गेल्या, याची ते नोंद ठेवते. पुढच्या वेळी आधी ती नोंद वाचली जाते, त्यात नमूद असलेल्या पसंतींचीच मूल्ये घेऊन खरी किल्ली बनते आणि मग प्रत शोधली जाते. ज्या लेखात भाषा कोणी विचारलीच नाही, त्याच्या भाषेमुळे दोन प्रती होत नाहीत.

नीट पाहिले तर ‘व्हेरी’ची रीतही हीच आहे. पत्त्यावरून आधी काय विचारायचे ते कळते, मग विचारलेल्यावरून प्रत ठरते. ड्रुपल 8 मध्येही कॅश याच दोन पायऱ्यांनी शोधते. एक प्रोटोकॉल, एक ज्ञानकोश आणि संकेतस्थळे बांधण्याचे एक साधन, तिघांचे उत्तर एका वळणाचे निघते, कारण किल्लीत काय हवे हे पान तयार होईपर्यंत कोणालाच पूर्ण माहीत नसते. ते आधीच अंदाजाने ठरवून टाकणे हा या क्षेत्रातला सर्वांत महागडा आळस आहे.

ड्रुपल 8 नोव्हेंबर 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. गटांनुसार कॅशिंगचा सर्वांत स्पष्ट शब्दसंग्रह त्यात सापडतो, म्हणून हा विषय शिकताना ड्रुपल न वापरणाऱ्यानेही तो पाहून घ्यावा. पानाचा प्रत्येक तुकडा तिथे तीन गोष्टी सांगतो: तो कशानुसार बदलतो, कोणत्या मजकुरावर अवलंबून आहे आणि किती वेळ ताजा राहतो. पहिल्या गोष्टीला ‘कॅश कॉन्टेक्स्ट’ म्हणतात. वापरकर्त्याच्या बाबतीत मुख्य कॉन्टेक्स्ट तीन: ‘युजर’, ‘युजर.रोल्स’ आणि ‘युजर.परमिशन्स’. माणूस, त्याच्या भूमिका आणि त्याच्या परवानग्या.

यांतला तिसरा सर्वांत उपयोगी आहे. एखाद्या संकेतस्थळावर ‘उपसंपादक’ आणि ‘पुरवणी संपादक’ अशा दोन भूमिका असल्या आणि दोघांना परवानग्या त्याच असल्या, तर पान भूमिकेनुसार बदलण्याचे काही कारण नाही. ड्रुपल माणसाच्या सगळ्या परवानग्यांचा मिळून एक हॅश काढते, म्हणजे त्या यादीचा एक छोटा ठसा. ज्यांचा ठसा सारखा त्यांची प्रत सामायिक. गटाचे नाव काय, याला महत्त्व उरत नाही. उद्या एखाद्या भूमिकेतून परवानगी काढून घेतली की ठसा बदलतो आणि जुनी प्रत त्या लोकांना आपोआप मिळेनाशी होते. तुकडा ‘युजर’ आणि ‘युजर.परमिशन्स’ असे दोन्ही सांगत असेल तर ड्रुपल फक्त ‘युजर’ धरते, कारण माणूस ठरला की त्याच्या परवानग्या ठरल्याच.

आता थोडे गणित. समजा, चाळीस हजार सदस्यांचे संकेतस्थळ आहे आणि पाच भूमिका आहेत. एका सदस्याला एकाहून जास्त भूमिका असू शकतात, म्हणून जास्तीत जास्त 32 संच होतात. मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषा धरल्या की एका पानाच्या 64 प्रती. म्हणजे सरासरी एका प्रतीमागे सव्वासहाशे सदस्य, हा उत्तम व्यवहार आहे. मग कोणीतरी सुचवते की पहिल्या पानावर ज्याच्या त्याच्या जिल्ह्याच्या बातम्या असाव्यात. महाराष्ट्रात 36 जिल्हे, म्हणून प्रती 2304 आणि एका प्रतीमागे जेमतेम सतरा सदस्य. पुढे पानाच्या वरच्या कोपऱ्यात ‘नमस्कार’ आणि पुढे सदस्याचे नाव, अशी ओळ येते. झाले, चाळीस हजार प्रती! सबंध पानाची कॅश एका शब्दापायी गेली.

जिल्ह्याच्या बातम्यांना आणि त्या नावाला वेगळी वागणूक लागते. जिल्ह्याचा बातम्यांचा ठोकळा स्वतंत्र तुकडा म्हणून दर भाषेमागे 36 प्रतींत ठेवावा. तो भूमिकेनुसार बदलत नाही, तेव्हा त्याचा गुणाकार पानाशी होऊ देऊ नये. नाव असलेली ओळ पानातून काढून तिच्या जागी रिकामी खूण ठेवावी आणि ती शेवटच्या क्षणी भरावी. हे भरण्याचे काम कुठे करायचे याच्या तीन जागा आहेत. दारातला प्रॉक्सी ते करू शकतो. ‘एज साइड इन्क्लूड्स’ या नावाची भाषा त्यासाठीच 2001 मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमकडे सादर झाली होती. ॲप्लिकेशन करू शकते: आधी तयार चौकट पाठवायची आणि मागाहून त्याच जोडणीवरून व्यक्तिगत तुकडे सोडायचे. फेसबुकने 2010 मध्ये ‘बिगपाइप’ या नावाने ही रीत जगासमोर मांडली आणि ड्रुपलने ती उचलली. तिसरी जागा ब्राउझर: पान सर्वांना सारखे जाते आणि जावास्क्रिप्ट वेगळी विनंती करून नाव आणते. नावासारख्या किरकोळ गोष्टीला तिसरा मार्ग पुरतो. वर्गणीदारापुरता मजकूर मात्र ब्राउझरपर्यंत नेऊन तिथे झाकून ठेवायचा नसतो. झाकलेले कोणालाही उघडता येते.

आतापर्यंतचे बहुतेक ॲप्लिकेशनच्या आतले झाले. दारातल्या प्रॉक्सीलाच गटानुसार प्रत द्यायची असेल, तर माणूस कोणत्या गटात आहे हे त्याला कळले पाहिजे, आणि ते माणसाच्या शब्दावर विसंबून चालत नाही. ‘गट=वर्गणीदार’ अशी उघडी कुकी ठेवून तिच्यावर किल्ली बनवणारी संकेतस्थळे आहेत; ती कुकी कोणीही ब्राउझरमध्ये हाताने लिहू शकतो. सिम्फनी या पीएचपी चौकटीच्या मंडळींत रुळलेली पद्धत जास्त भक्कम आहे. विनंती आली की प्रॉक्सी ती रोखून धरतो आणि कुकी घेऊन ॲप्लिकेशनला एकच प्रश्न विचारतो: या माणसाचा ठसा काय? उत्तरात आलेला ठसा तो मूळ विनंतीला हेडर म्हणून जोडतो, आणि ॲप्लिकेशन ‘व्हेरी’मध्ये कुकीऐवजी त्या हेडरचे नाव लिहिते. ठशाचे उत्तरही त्या कुकीपुरते काही मिनिटे जपता येते. दुसरी पद्धत सही केलेल्या टोकनची: लॉगिनच्या वेळी गट टोकनमध्ये लिहून त्यावर सही करायची आणि प्रॉक्सीने सही तपासून गट वाचायचा.

यात दोन पथ्ये आहेत. बाहेरून आलेल्या विनंतीत ठशाचे हेडर आधीच असेल तर प्रॉक्सीने ते पुसून टाकलेच पाहिजे, नाहीतर दाराला कुलूप आणि खिडकी उघडी अशी गत होते. दुसरे पथ्य ब्राउझरचे. त्याला ठसा माहीत नसतो. त्याच्या लेखी पत्ता तोच, म्हणून पान तेच. लॉगआउट केल्यावरही मागचे पान दिसत राहते ते यामुळे. प्रॉक्सीने बाहेर पाठवताना उत्तर ‘प्रायव्हेट’ करावे आणि दर वेळी खात्री करून घ्यायला सांगावे.

चूक झाली तर काय होते, याचे बोलके उदाहरण स्टीम या खेळांच्या दुकानाचे आहे. 25 डिसेंबर 2015 रोजी, नाताळच्या सेलमध्ये, त्यावर सेवा बंद पाडण्यासाठी हल्ला झाला. सेलमधल्या सरासरीच्या तुलनेत रहदारी 2000 टक्क्यांनी वाढल्याचे चालक कंपनी व्हॉल्व्हने नंतर सांगितले. भार पेलण्यासाठी कॅशिंगचे नवे नियम घाईने लावले गेले, आणि त्यांतल्या एका संचाने लॉगिन केलेल्यांची पानेही साठवली. सुमारे दीड तास लोकांना दुसऱ्यांची पाने दिसत होती. काहींच्या पानावर बिलाचा पत्ता होता, काहींच्या पानावर खरेदीचा इतिहास, ईमेल किंवा क्रेडिट कार्डाचे शेवटचे दोन आकडे. कंपनीच्या हिशेबाने सुमारे 34,000 जणांची माहिती अशी उघडी पडली असावी. कोणी पासवर्ड चोरला नव्हता की डेटाबेस फोडला नव्हता. किल्लीतून माणूस सुटला होता, एवढेच.

अशी चूक कोणी मुद्दाम घडवूनही आणू शकतो. ओमेर गिल या संशोधकाने 2017 मध्ये दाखवलेली युक्ती साधी आहे. खात्याच्या पानाच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन अस्तित्वात नसलेल्या, ‘.सीएसएस’ने संपणाऱ्या फाइलचे नाव लावायचे आणि तो दुवा सावजाला पाठवायचा. काही ॲप्लिकेशने जास्तीचा भाग दुर्लक्षून खात्याचेच पान देतात. कॅश मात्र शेपूट पाहून त्याला सर्वांसाठीची, पानाचे रंगरूप ठरवणारी फाइल समजते आणि साठवते. मग हल्लेखोर तोच पत्ता उघडतो. पत्त्याच्या आकारावरून काही साठवायचे ठरवणे किती घातक, हे यातून कळते. साठवायचे की नाही हे ॲप्लिकेशनने हेडरमधून सांगावे आणि कॅशने ऐकावे.

गट वाढले की जुनी प्रत काढून टाकण्याचे कामही वाढते. लेखातली एक चूक दुरुस्त केली तर त्याच्या 64 प्रती शिळ्या होतात, शिवाय तो लेख ज्या ज्या याद्यांत आहे त्यांच्याही. प्रत्येक किल्ली शोधत बसण्यापेक्षा प्रतीवर टॅग लावावेत, म्हणजे ‘लेख 512’ हा टॅग रद्द केला की सगळ्या गटांच्या प्रती एकदम जातात. माणसाचा गट बदलतो तेव्हा प्रती काढाव्या लागत नाहीत, त्याचा ठसा बदलावा लागतो. वर्गणी रात्री बारा वाजता संपते आणि ठसा दहा मिनिटे जपलेला असतो, तर त्याला दहा मिनिटे फुकट वाचायला मिळेल. वर्तमानपत्राला हे चालते. कामावरून काढलेल्या माणसाचा प्रवेश बंद करताना चालत नाही. तिथे ठसा तत्काळ रद्द करावा.

काही पानांना हा विचार लागूच नये. बँकेतली शिल्लक, ओटीपीचा पडदा, वैद्यकीय अहवाल, पैसे भरण्याचे पान यांवर ‘नो-स्टोअर’ लिहून मोकळे व्हावे. लहान संकेतस्थळांनाही एवढा संसार नको; ओळखीचे आणि अनोळखी असे दोन गट आणि व्यक्तिगत तुकडे बाजूला, एवढ्यावर बहुतेकांचे भागते.

जिथे गट आहेत तिथे तपासणी मात्र चुकवू नये. दोन वेगळ्या गटांतली दोन खाती घ्यावीत आणि दोन ब्राउझर उघडावेत. कॅश रिकामी करून आधी वर्गणीदाराने लेख उघडावा, मग लॉगिन न केलेल्याने. पुन्हा रिकामी करून क्रम उलटा करावा. उत्तरातले ‘एज’ हे हेडर पाहावे. ते शून्याहून जास्त असेल तर प्रत कॅशमधून आली आहे. वर्गणीदाराने लेख दुसऱ्यांदा उघडल्यावर त्याला कॅशमधूनच पूर्ण लेख मिळायला हवा आणि पाहुण्याला कॅशमधून दोनच परिच्छेद. पाच मिनिटांचे हे काम कॅशच्या नियमांत केलेल्या प्रत्येक बदलानंतर, आणि विशेषतः घाईत केलेल्या बदलानंतर, करावेच.